अख्खे की फोडलेले

माझी जर्मनीतली पहिली घरमालकीण बाबागाडी ढकलत हिंडायची आणि त्या गाडीत बाळ नसायचं. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर सुती साडी, साडीवर नवऱ्याचा जुना रेनकोट आणि पायात गमबूट. अशी बाई म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या फुटपाथवरून बाबागाडी घेऊन निघाली की समोरून येणाऱ्या जर्मन आज्या हमखास थांबायच्या. कौतुकाने वाकून आत बघायच्या. आत दुपट्याखाली काळी पडलेली, सडायला लागलेली, चेंडूएवढी फळं खच्चून भरलेली असायची. आजी दचकून मागे सरकली की या शांतपणे जर्मनमध्ये म्हणायच्या, "वडिलांवर गेलंय."

हे त्या मला हसवायला करतात असं मला आधी वाटायचं. पण एकदा ऑफिसातून लवकर सुटून मी यू-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनाबाहेर आलो, तर पलीकडच्या फुटपाथवर हाच प्रयोग चालू होता. मी तिथे आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. तरी तेच वाक्य आणि तोच सरळ चेहरा. आजीबाई घाईघाईने निघून गेल्यावर मात्र त्या गाडीचा दांडा धरून एकट्याच इतक्या हसल्या की त्यांना तिथल्या बाकावर बसावं लागलं.

आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. कोल्हापूरकडच्या. तरुणपणी एका जर्मन इंजिनियरशी लग्न करून इकडे आल्या, मूलबाळ झालं नाही, पुढे नवराही गेला. रांगेतल्या घरांपैकी एक घर त्यांचं होतं. वरची खोली त्या भाड्याने द्यायच्या आणि ती फक्त मराठी माणसांना. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "जर्मनमध्ये मला भांडता येतं रे, पण चव लागत नाही."

म्युनिक आणि आसपास जागा मिळवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. एकेक खोली बघायला माणसांची रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत आलेली असते आणि रांगेतला प्रत्येकजण तुमच्यापेक्षा चांगले कपडे घालून आलेला असतो. मी पुण्याहून येऊन दोन महिने एका मित्राच्या सोफ्यावर काढले होते. त्याच्या बायकोने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. अशा वेळी मराठी मंडळातल्या कुणीतरी मावशींचं नाव सुचवलं. मी सगळी कागदपत्रं घेऊन गेलो. मावशींनी एकही बघितलं नाही. "हात दाखव," म्हणाल्या. मला वाटलं, पत्रिका-बित्रिका बघतात की काय. त्यांनी माझे तळवे दाबून पाहिले. "आयटी ना? मऊ आहेत. चालतील. ऑक्टोबरपर्यंत होतील नीट."

ऑक्टोबरात काय व्हायचं होतं ते मला सप्टेंबरच्या शेवटीच कळलं.

इझार नदीच्या बाजूला, शेतांच्या कडेने जाणाऱ्या सायकलवाटेवर काळ्या अक्रोडाची काही झाडं आहेत. आपण ड्रायफ्रूटच्या दुकानात बघतो तो अक्रोड वेगळा. हा जंगली भाऊबंद. हिरव्या, लिंबासारख्या वासाच्या जाड सालीत बसलेला, आणि आतलं कवच इतकं टणक की साध्या अडकित्त्याचा दांडाच वाकतो. पडलेली फळं तिथे कुणी उचलत नाही. सायकलवाले त्यावरून घसरतात आणि शिव्या घालतात. मावशी मात्र वारा सुटला की गॅस बंद करून निघायच्या. घरातल्या दुधाचं काय होईल याची पर्वा नाही.

"जंगलातलं आपल्यापुरतं थोडं उचललं तर चालतं," असं त्या मला पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि बाबागाडी काठोकाठ भरली. मी म्हटलं, "मावशी, हे थोडं आहे?" त्या म्हणाल्या, "आपण किती जण आहोत ते कुठे कुणाला माहितीय."

आणलेली फळं घरामागच्या फरशीवर ओतायची आणि त्यावर जुने बूट घालून नाचायचं, म्हणजे साल सुटते. या कामाला मावशींचा शब्द 'मळणी'. मळणीला भाडेकरू हवाच. स्वतः त्या खुर्ची टाकून बसायच्या आणि बैल हाकल्यासारखं मला हाकायच्या. "टाचेने! टाचेने! आल्झो, पुण्यात तुला चालायलासुद्धा शिकवलं नाही का कुणी?" आल्झो म्हणजे जर्मनमधलं 'तर मग', त्यांचा आवडता शब्द. मग सुटलेले अक्रोड बादलीत धुवायचे. तरंगले ते पोकळ, ते फेकायचे. बुडाले ते आपले. त्या सालीचा रस हाताला लागला की आधी पिवळा दिसतो, मग तपकिरी, मग काळा, आणि तो साबण, लिंबू, ब्लीच कशालाही दाद देत नाही. कातडी नवी येईल तेव्हाच जातो. पहिल्या वर्षी मी त्या हातांनी ऑफिसात प्रेझेंटेशन दिलं. स्क्रीनकडे बोट दाखवलं की सगळे बोटाकडेच बघायचे. शेवटी माझ्या बॉसने बाजूला घेऊन मला हळूच विचारलं, की तुझी गाडी बिघडलीय का, मी मदत करू का.

धुतलेले अक्रोड वाळायला काही आठवडे लागतात. हवा खेळती पाहिजे आणि ऊन नको. मावशी वर्षभर कांद्या-बटाट्यांच्या प्लास्टिकच्या जाळ्या साठवायच्या. त्या जाळ्यांत अक्रोड भरून घरभर टांगायच्या. जिन्याच्या कठड्याला, पडद्यांच्या दांड्यांना, नवऱ्याच्या फोटोच्या खिळ्याला, आणि एक जाळी माझ्या पलंगावर, बरोबर डोक्याच्या वर. "खाली पडली तर?" मी विचारलं. "तर जाग येईल," मावशी म्हणाल्या. समजावून सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. जास्त विचारलं की म्हणायच्या, "पुन्हा पुन्हा सांगायला मी काय स्टेशनवरची घोषणा आहे?" त्यामुळे आम्ही कुणी जास्त विचारत नसू.

शेजारी एक जर्मन आजोबा राहायचे. निवृत्त, अत्यंत नीटनेटके. एका वर्षी मावशींनी अक्रोड धुतलेलं पाणी कुंपणाच्या कडेला ओतलं आणि आजोबांचे टोमॅटो माना टाकून बसले. त्या पाण्यात असं काहीतरी असतं की टोमॅटोला ते चालत नाही. आजोबांनी नियमाप्रमाणे कुंपणापाशी उभं राहून नियमाप्रमाणे तक्रार केली. मावशींनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. मलाही टोमॅटो आवडत नाहीत." तेव्हापासून आजोबा मावशींच्या घरावर डोळा ठेवून असायचे. तिकडे दुपारी काही वेळ आणि रविवारी आवाज करायला बंदी असते; तेव्हा अक्रोड फोडल्याचा आवाज आला तर ते घड्याळ घेऊन बाहेर येत. मावशी रविवारी फोडायच्या नाहीत, पण आजोबा बाहेर यावेत म्हणून मध्येच एकदा टेबलावर उलथनं आपटायच्या.

फोडायचं काम तळघरात. टेबलाला घट्ट बसवलेली एक लोखंडी पकड होती, दांडा फिरवून आवळायची, मावशींच्या नवऱ्याची. तिच्यात अक्रोड धरायचा, हळूहळू आवळायचं, 'कडाड' झालं की थांबायचं. नाहीतर भुगा. मग दाभणाने गर टोकरून काढायचा. एक वाटीभर गर काढायला एक संध्याकाळ जायची. पण चव! साध्या अक्रोडाला त्याच्यापुढे काही चवच नाही. जरा धुरकट, जरा दारूसारखी, जिभेवर बराच वेळ राहणारी. मावशी तो गर करंजीच्या सारणात घालायच्या आणि त्या करंजीसाठी मंडळातल्या भल्या भल्या लोकांनी एकमेकांशी अबोला धरलेला मी पाहिलाय.

आता मुख्य गोष्ट. मावशी दिवाळीला अक्रोड वाटायच्या. मंडळाचा फराळ एका चर्चच्या हॉलमध्ये असायचा. मावशी बाबागाडी घेऊन यायच्या आणि एका कोपऱ्यात बसायच्या. गाडीत दोन प्रकार असत. काचेच्या छोट्या बरण्यांत फोडून काढलेला गर, आणि कापडी पिशव्यांत अख्खे अक्रोड. प्रत्येकाला एक. कुणाला बरणी, कुणाला पिशवी, हे मावशी ठरवायच्या आणि का ते कधी सांगायच्या नाहीत. पण मंडळाला सांगावं लागत नाही. मंडळाने फार पूर्वीच शोधून काढलं होतं की बरणी म्हणजे मर्जी आणि पिशवी म्हणजे खप्पामर्जी. फोडून दिले म्हणजे तुम्ही आवडता. अख्खे दिले म्हणजे बसा दात तोडत. आणि भाडेकरूला पिशवी मिळाली तर त्याचा अर्थ सरळ होता: मार्चपर्यंत दुसरीकडे बघा. हे नव्या भाडेकरूला पहिल्याच भेटीत कुणीतरी बाजूला घेऊन सांगायचं. मलाही सांगितलं. सांगणारं एक जोडपं होतं, माझ्या आधी सहा वर्षं मावशींच्या त्याच खोलीत राहिलेलं. "आम्हाला दर वर्षी बरणी," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान लपत नव्हता.

पहिल्या दिवाळीला मला बरणी मिळाली. मी नुकताच आलो होतो, तरी बरणी! मी हॉलमध्ये ती हातात धरूनच फिरत होतो. खोली टिकली म्हणून मला इतका आनंद झाला की रात्रीच मी ती अर्धी संपवली.

दुसऱ्या वर्षी आई आली.

वडिलांना रजा नव्हती म्हणून ती एकटीच आली, नवरात्रानंतर, दिवाळी माझ्याबरोबर करून जायला. मावशींनी तिला माझ्याच खोलीत राहायला परवानगी दिली. पहिले काही दिवस दोघी एकमेकींशी फार अदबीने वागत होत्या. एका स्वयंपाकघरात दोन बायका म्हणजे काय ते दोघींना ठाऊक होतं. "ताई, तुम्ही आधी घ्या गॅस." "छे छे, तुम्ही घ्या." शेवटी दोघीही उपाशी. मग मावशी चार-पाच दिवसांसाठी आपल्या एका मैत्रिणीकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "जाळ्या हलवू नकोस." मी ऑफिसला गेलो. आईला काही सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण आईला जाळ्या हलवाव्याशा वाटतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पण दिवाळी जवळ आली होती. घर दुसऱ्याचं असलं, देश दुसरा असला, तरी दिवाळीआधी जाळीजळमटं काढायची नाहीत म्हणजे काय? मावशी परतायच्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर काचा लख्ख होत्या, जिना चकचकीत होता, घरभर फरशी पुसायच्या द्रावाचा वास. आई कमरेला पदर खोचून प्रसन्न उभी. आणि कठडा रिकामा. पडद्याचा दांडा रिकामा. मावशींच्या नवऱ्याचा फोटो धुऊनपुसून खिळ्यावर सरळ टांगलेला.

"आई, जाळ्या कुठेयत?"

"ती कुजकी लिंबं होय? टाकली. जळमटांसारखी जिकडेतिकडे लोंबत होती बाई. एकट्या बाईला होत नाही रे या वयात साफसफाई. आणि मागच्या बादलीत तर अळ्या वळवळत होत्या, शी! तीही ओतली."

"कशात टाकलीस?"

"चॉकलेटी डब्यात. तूच ना सांगितलंस, ओला कचरा चॉकलेटी डब्यात."

मी सांगितलं होतं खरं. मी बाहेर धावलो. दाराशी शेजारचे आजोबा उभे. त्यांच्या हातात कचरा उचलायचा लांब चिमटा होता आणि पायाशी कांद्याच्या रिकाम्या जाळ्या नीट घड्या करून ठेवलेल्या. ते मला म्हणाले की झाकण अर्धवट उघडं होतं म्हणून त्यांनी बघितलं. ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची जाळी चालत नाही. म्हणून त्यांनी एकेक जाळी बाहेर काढली, उलटी केली, आतला माल डब्यात परत झटकला, कारण तो चालतो, आणि जाळ्या वेगळ्या केल्या. कचऱ्याची गाडी उद्या सकाळी येते, सगळं नियमाप्रमाणे आहे. एवढी मेहनत घेतल्याबद्दल मी आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा दिसत होती.

मी आत जाऊन आईला सांगितलं की ती लिंबं नव्हती. ते अक्रोड होते, मावशींचे, दिवाळीचे, आणि त्या अक्रोडांवर माझी खोली अवलंबून आहे. आईचा चेहरा उतरला. पण ती रडत बसणाऱ्यातली नाही. तिने पलंगावरची चादर ओढली, अंगणात अंथरली, आणि म्हणाली, "तो डबा आडवा कर."

मी केला. बटाट्याची सालं, कॉफीचा चोथा, केळीची सालं, काळी बादली भरून सडकी साल, आणि त्यात शेकड्याने अक्रोड. आई त्यात कोपरापर्यंत हात घालून बसली. एकेक काढायची, पदराला पुसायची, बाजूला टाकायची. आजोबा बराच वेळ कुंपणापलीकडून बघत होते. ओल्या कचऱ्यातून ओला कचरा बाहेर काढायला नियम काय आहे हे त्यांना आठवत नसावं. शेवटी ते चिमटा घेऊन आत आले. आई त्यांना मराठीतून सांगत होती, "अहो, तिकडचं टोक धरा, घरंगळतायत सगळे!" आणि आजोबा धरत होते. मग त्यांनी स्वतःचा बागेचा पाइप आणला. आई अक्रोड धुतेय, आजोबा पाणी मारतायत, मी गुडघ्यावर बसून चोथा झाडतोय, आणि काळं पाणी वाहत वाहत आजोबांच्या टोमॅटोच्या वाफ्याकडे चाललंय, हे चित्र असं रंगलेलं असताना फाटक वाजलं. मावशी बॅग ओढत आत आल्या.

आजोबांनी पाइप बंद केला.

मला वाटलं, आई आता माफी मागेल. तिने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले, कपाळावर काळा पट्टा उमटला, आणि ती म्हणाली, "ताई, बादलीत अळ्या होत्या."

"असतात," मावशी म्हणाल्या. "सालीत असतात. आत जात नाहीत."

त्यांनी चादरीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आईच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. दारातून आत डोकावल्या. "जिना कुणी पुसला?"

"मी."

"वरचाही?"

"वरचाही. आणि माळा."

"हं," मावशी म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला. आजोबांसकट सगळ्यांसाठी.

त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझे पुढचे कितीतरी दिवस गेले. कवच इतकं पक्कं की अक्रोडांना काहीच झालं नव्हतं. ते परत जाळ्यांत भरले, परत टांगले. आईचं आणि मावशींचं मात्र अचानक गूळपीठ जमलं. "अदब सुटली एकदाची," आई म्हणाली. मावशींचे केस या वयात काळेभोर कसे, हे कोडंही तिने सोडवलं. त्या सालीच्या पाण्याने. एका शनिवारी मी घरी आलो तर दोघी डोक्याला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून सोफ्यावर बसल्या होत्या. कपाळावरून काळे ओघळ येत होते आणि त्या कोल्हापूरच्या कुठल्याशा लग्नात झालेल्या भांडणाबद्दल बोलत होत्या. रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांनी आईचे केस पाहिले, हात पाहिले आणि विचारलं, "तू नक्की मुलाकडेच गेलीयस ना?"

मग दिवाळीचा फराळ. मावशी कोपऱ्यात बाबागाडी घेऊन बसल्या. मी आईला घेऊन रांगेत उभा राहिलो. आईचा नंबर आला. मावशींनी तिच्या हातात बरणी दिली, इतरांपेक्षा मोठी, झाकणाला लाल कापड बांधलेली. आईचे डोळे भरून आले. मग मी पुढे झालो. मावशी वाकल्या, गाडीच्या तळाशी हात घातला आणि पिशवी काढली. कापडी, जड, अख्खे अक्रोड खडखडत असलेली. माझ्या हातात ठेवली आणि पुढच्याला म्हणाल्या, "ये."

सगळा हॉल बघत होता. तो पूर्वीचा भाडेकरू, सहा वर्षं बरणीवाला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लगेच शोधायला लाग. मार्चमध्ये फार गर्दी असते."

आईला मी घरी जाऊन पिशवीचा अर्थ सांगितला. तिला वाटलं, तिची चूक होती, शिक्षा मला झाली. "थांब, मी सरळ विचारते त्यांना," ती म्हणाली. मी तिला हात धरून थांबवलं. एवढ्या मोठ्या बाईला तोंडावर असं विचारतात का? त्यांनी इतक्या सभ्यपणे सांगितलंय, आपणही सभ्यपणे जावं. आई पुण्याला परतली. फोनवर दर वेळी खोलीचं विचारायची. एकदा म्हणाली, "ती बरणी मी अजून उघडली नाही रे. घशाखाली उतरणार नाही."

पिशवी मी पलंगाखाली ढकलून दिली. तो हिवाळा वाईट गेला. कामावरून यायचं, जेवायचं, आणि मोबाइलवर जागा शोधायच्या. रविवारी उठून रांगेत उभं राहायचं. मावशी संध्याकाळी तळघरात जायच्या. खालून 'कडाड' ऐकू यायचं. कधीकधी जिन्याच्या तळाशी उभ्या राहून विचारायच्या, "हात मोकळे आहेत का रे?" मी वरून सांगायचो, मीटिंग आहे. मनात म्हणायचो, घर सोडायला सांगायचं आणि वर अक्रोडही फोडून घ्यायचे, कमाल आहे बाईंची. हळूहळू त्यांनी विचारणं बंद केलं. त्या पूर्वीसारख्या टोमणेही मारेनात. मला ते थंडीमुळे वाटलं.

मार्चच्या सुरुवातीला मला एक खोली मिळाली. म्युनिकच्या दुसऱ्या टोकाला, तळघरात, खिडकीतून जाणाऱ्यायेणाऱ्यांचे बूट दिसायचे. मी हो म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मी घसा साफ करून म्हटलं, "मावशी, मी एक तारखेपासून जातोय."

त्या पोहे परतत होत्या. हात थांबला नाही. "कुठे?"

"जागा मिळालीय. तुमची सोय केली एकदाची."

"माझी काय सोय?"

"म्हणजे... तुम्ही दिवाळीला पिशवी दिलीत ना. अख्खे."

"दिले की. मग?"

"मग म्हणजे, मला कळलं. अख्खे म्हणजे जागा बघ."

आता हात थांबला. "कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. मंडळात सगळ्यांना माहितीय. ज्यांच्यावर मर्जी त्यांना फोडून, आणि ज्यांनी जायचं त्यांना अख्खे."

मावशींनी गॅस बंद केला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"आल्झो," त्या म्हणाल्या, "पाहुण्याला कुणी अख्खे अक्रोड देतं का? पाहुण्याला फोडून द्यायचे. तो खाणार आणि जाणार. तुझ्या आईला दिले, तिचं विमान होतं. पहिल्या वर्षी तुला दिले, तू नवा होतास. घरच्या माणसाला मी कशाला फोडून देऊ? घरचा माणूस पिशवी घेऊन खाली येईल, बसेल माझ्याबरोबर पकडीपाशी, दोन भांडणं करेल, हिवाळा जाईल. म्हणून तर देते." त्या खुर्चीवर बसल्या. "मी वाट बघत होते खाली. मला वाटलं, तुला हात काळे करायचा कंटाळा आला."

मी मूर्खासारखं म्हटलं, "पण ते दोघं? सहा वर्षं बरणी मिळाली त्यांना."

"त्यांना!" मावशी एकदम उसळल्या. "माझी बोटं गेली त्यांच्यापायी! दर वर्षी मोठी बरणी, दर वर्षी मोठी बरणी. म्हटलं, आता तरी समजेल की पाहुणे आहात. नाहीच हलले!"

मी हसलो. त्याही हसल्या, पण अर्ध्यातच थांबल्या. डोळ्यांसमोरून काहीतरी सरकत असावं. त्या पुटपुटल्या, "म्हणजे या दोघांच्या आधी राहायचा तो सांगलीचा. तोही. आणि ती नाशिकची मुलगी." त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "ती माझ्याबरोबर मळणी करताना गाणी म्हणायची रे. मार्चमध्ये बॅग भरून बॉनला गेली. रडत गेली. मी विचारलं नाही, म्हटलं जायचं असेल तर जाऊ दे. तिला तर मी सगळ्यात मोठी पिशवी दिली होती."

पोहे गार झाले. मी तिथेच बसून त्या तळघरवाल्या घरमालकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग मंडळाच्या ग्रुपवर विचारून नाशिकच्या मुलीचा नंबर मिळवला. मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला, आणि पलीकडून "हॅलो" येताच, मी कोण, कशी आहेस, काही न म्हणता विचारलं, "अक्रोड फोडलेस का?"

मग फोनमधून मला ऐकू येईल इतका स्पष्ट आवाज आला, "नाही मावशी. पण टाकलेही नाहीत."

"खवट झाले असतील," मावशी म्हणाल्या. "तरी घेऊन ये."